एका चाकाचा जमाखर्च

दुचाकी या शब्दातच तिला चाके किती असावीत हे सांगून ठेवलेले आहे. तरीदेखील त्यातले एक चाक हवेत उचलून उरलेल्या एकावर गाडी पळवण्याची विद्या आज गावोगाव शिकली जाते. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात तिला ‘गाडी उचलणे’ म्हणतात. शहरात राहून आलेले ‘व्हीली मारणे’ म्हणतात. या विद्येला शिक्षक नाही, वर्ग नाही, हजेरी नाही. मोबाइलवर कोणाची तरी करामत पाहायची, बापाची मोटारसायकल बाहेर काढायची आणि नागपूर-बैतूल चौपदरी रस्त्यावर किंवा सौंसरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर एखादा सरळ टप्पा गाठून श्रीगणेशा करायचा.

या विषयावर लिहायचे म्हटले की दोन निबंध तयारच असतात. ‘आजचा तरुण कोठे चालला आहे?’ हा पहिला. तो वडीलधारी मंडळी लिहितात. ‘हेच तर वय आहे, करू द्या’ हा दुसरा. तो आमच्यासारखे कट्ट्यावर बसून तोंडी सादर करतात. दोन्हींत विचार करण्याचे श्रम वाचतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला भलताच प्रश्न पडतो. या उद्योगात जमा काय होते, नावे काय पडते, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या नावे पडते?

इथल्या पुष्कळ वाचकांनी पांढुर्णा आणि सौंसर ही नावे ऐकलीही नसतील. नागपूरहून उत्तरेकडे निघाले की महाराष्ट्राची हद्द संपते, पण मराठी संपत नाही. तो हा मुलूख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा-सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आहे. संत्री, कापूस, आणि घरात मराठी, कचेरीत हिंदी असा तिथला कारभार. सीमाभागातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये! माझे वडील तिकडचे, आई इकडच्या कानडी घरातली, एवढ्या अधिकारावर मी हे लिहितो आहे.

आधी जमेची बाजू पाहू, कारण ती आहे. गाडी उचलणे हे निव्वळ वेडेपण असते तर त्याच्यामागे कोणी लागले नसते. इंजिन मागच्या चाकाला जोर देते तेव्हा गाडीचा भार मागे सरकतो. जोर पुरेसा झाला की पुढचे चाक जमीन सोडते आणि मागच्या चाकाचा आस तराजूच्या काट्यासारखा होतो. त्यापुढचे सगळे काम तोलाचे. जोर जरा कमी पडला की चाक खाली. जरा जास्त झाला की गाडी स्वाराला घेऊन पाठीवर. या दोहोंच्या मध्ये एक बारीकशी जागा असते, जिथे गाडी जणू वजनच हरवून बसते. ती जागा ज्याला सापडली त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे, आणि त्याला खोटा म्हणण्याची माझी तयारी नाही.

पाठीवर पडण्यापासून वाचवणारी वस्तू एकच, ती म्हणजे मागचा ब्रेक. तो दाबला की उचललेले चाक खाली येते. म्हणून ज्यांना ही विद्या खरोखर येते ते पहिला धडा उजव्या पायाचा देतात: आधी उतरवायला शिका, उचलायचे मागाहून बघू. आमच्याकडे नेमके उलटे होते. मोबाइलवरच्या चित्रफितीत चाक वर जाताना दिसते, पाय काय करतो आहे ते दिसत नाही. त्यामुळे पोरे अर्धाच धडा पाठ करून रस्त्यावर येतात.

हे वेड आजचे नाही. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे तयार होणारी यामाहा आरएक्स १०० ही गाडी वजनाने हलकी आणि अंगात जोर असलेली. तिने एका अख्ख्या पिढीचे पुढचे चाक उचलले. आमच्या काकांच्या वयाचे लोक तिचे नाव आजही गुरूचे घ्यावे तसे घेतात. (माझ्या कानडी आजोबांचे मत वेगळे. म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी हीच खरी मोटारसायकल आणि ती दोन्ही चाकांवर चालवण्यातच पुरुषार्थ, असे ते म्हणतात.) पुढे २००४ मध्ये ‘धूम’ चित्रपट आला, मग जाहिराती आल्या. दुचाकी विकणारे तिला एका चाकावर दाखवतात आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘नक्कल करू नये’ असे छापतात. ज्याची नक्कल करू नये तेच मोठे दाखवायचे आणि करू नये हे बारीक सांगायचे, याला विक्रयकला म्हणतात. आमच्या अभ्यासक्रमात ती आहे.

ही करामत मान देऊन, शिस्तीत शिकवता येते, याचा पुरावा आमच्याच राज्यात आहे. जबलपूरला भारतीय लष्कराच्या सिग्नल्स दलाचे ‘डेअर डेव्हिल्स’ हे मोटारसायकल पथक आहे. त्याची स्थापना १९३५ ची. आणि कर्नाटकाकडे पाहायचे तर बंगळुरूचे आर्मी सर्व्हिस कोअरचे ‘टॉर्नेडोज’ पथक. १९ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांनी येलहंका हवाई तळावर ५०० सीसीच्या एकाच रॉयल एनफिल्डवर ५८ जवान बसवून १२०० मीटर अंतर कापले. अठ्ठावन्न माणसे एका गाडीवर! यापुढे आमच्या पोरांची मर्दुमकी ती काय? पण ती हवाई तळाची धावपट्टी होती. तिथे कोणी संत्र्यांची टोपली डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत नव्हते.

आता नावेच्या बाजूकडे येतो. माझा एक चुलतभाऊ पांढुर्ण्याला असतो, वय एकोणीस. गेला महिनाभर तो याच अभ्यासात आहे. मध्यंतरी फोनवर म्हणाला, “दादा, आता दोन खांबं उचलतो मी.” विजेच्या खांबांनी अंतर मोजणे ही त्यांची परिभाषा. मी विचारले, “आन् पडला तं?” तो म्हणाला, “पडलो तं मीच पडीन न. दुसऱ्याचं का जाते?”

‘दुसऱ्याचं का जाते’ म्हणजे दुसऱ्याचे काय जाते. या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण एकोणीस वर्षांच्या कोणत्याही मुलाला ते पूर्णपणे पटलेले असते, आणि हिशेब मांडला तर त्यात एकही रकाना बरोबर येत नाही.

पहिला दुसरा म्हणजे बाप. गाडी काकांच्या नावावर. मागल्या बहाराच्या पैशांतून अर्धी रक्कम भरलेली, बाकीचे हप्ते चालू. एका चाकावर चालवल्याने साखळी, क्लच आणि पुढचे शॉकअब्सॉर्बर यांची जी दशा होते तिचे बिल काकांना गॅरेजवाला देतो. ‘रस्ते खराब आहेत’ असे सांगून मुलगा मोकळा होतो. रस्ते खरोखर खराब असल्याने हे खपून जाते.

पण हे किरकोळ. मोठी रक्कम विम्यात आहे, आणि विमा या विषयाबद्दल आमच्या वर्गातही घोर अज्ञान आहे. ‘इन्शुरन्स आहे’ म्हणजे सगळे आहे, अशी समजूत. कायद्याने सक्तीचा असतो तो त्रयस्थाचा विमा: आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. त्याच्या जोडीला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो; पण तो मालकाचा, म्हणजे काकांचा, तेच गाडी चालवत असतील तर. मुलगा गाडी घेऊन गेला की तो ना मालक, ना त्रयस्थ. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातलेच एक प्रकरण होते. दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन इलकलहून गावी निघालेला एक जण बैलगाडीवर आदळून गेला. न्यायालयाने सांगितले, गाडी मागून घेणारा मालकाच्या जागी येतो, त्याच्या वारसांना त्रयस्थ म्हणून भरपाई मागता येत नाही. आणि २ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका प्रकरणात, तेही कर्नाटकातले, अर्सिकेरेच्या रस्त्यावर २०१४ मध्ये मोटार उलटून गेलेल्या माणसाच्या कुटुंबाचा ८० लाखांचा दावा फेटाळला. तो स्वतःच भरधाव आणि बेफिकीरपणे गाडी चालवत होता. स्वतःच्या चुकीने मेलेल्याच्या वारसांना विमा कंपनीकडे हात पसरता येत नाही. म्हणजे दोन खांबांच्या मध्ये मुलगा गेला तर काकांना मुलगा नाही, गाडी नाही, पैसा नाही. उरलेले हप्ते मात्र आहेत.

आणि मुलगा वाचून दुसरे कोणी गेले तर? कंपनी त्या कुटुंबाला भरपाई देईल. पण चालवणाऱ्याजवळ परवाना नसेल तर ‘आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश न्यायालये देत आली आहेत. मालकाकडून वसूल म्हणजे आमच्याकडे संत्र्याच्या बागेतून वसूल. मुलगा अठराच्या आतला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले १९९-अ हे कलम लागते: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. टाळ्या मुलाच्या खात्यावर जमा, खर्च बापाच्या नावे. एवढे बेइमान खाते मी एकाही पाठ्यपुस्तकात पाहिलेले नाही.

दुसरा दुसरा म्हणजे रस्त्यावरचा माणूस. पुढचे चाक हवेत असताना हँडल फिरवून गाडी वळत नाही, पुढचा ब्रेक निरुपयोगी होतो, समोरचा रस्ता गाडीच्याच आड जातो, आणि रात्र असेल तर दिव्याचा उजेड रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडतो. सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमानाला मंगळवारी आणि शनिवारी केवढी गर्दी असते! कित्येक जण पायी येतात, बायका लेकरांना कडेवर घेऊन येतात. बागेतून परतणाऱ्या मजूरणी, सायकलवरच्या शाळकरी मुली, हे सगळे त्याच रस्त्यावर. यांच्यापैकी कोणीही खेळाचे तिकीट काढलेले नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दर शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची. यातली गाडी उचलण्यामुळे किती गेली हे या आकड्यातून कळत नाही. पण आपले रस्ते हे मोकळे आखाडे नाहीत एवढे नक्की कळते.

इथे आमच्या गावची वडीलधारी मंडळी मान डोलावतील. म्हणून त्यांच्याकडेही वळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबत निघते त्याच दिवशी, पांढुर्ण्याला गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात, आणि एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव असे उभे राहून दिवसभर एकमेकांवर गोटे फेकतात. झेंडा शेवटी चंडीमातेला वाहिला जातो. एका काठचा मुलगा आणि दुसऱ्या काठची मुलगी नदी ओलांडताना दगडांखाली गेली, त्यांच्या आठवणीत ही गोटमार, असे सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे रक्तबंबाळ होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. जिल्हा प्रशासनाने मनाईहुकूम काढून पाहिले, गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. गोटे काही थांबले नाहीत. गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात, आणि भरलेल्या गच्च्यांवर कोण बसते? गाडी उचलणाऱ्या पोरांना शिव्या देणारेच बसतात.

तेव्हा ‘हे धाडस तुम्ही शिकलात कुठे?’ असे पोरांना विचारू नये. ते उत्तर देतील.

मी गोटमारीचा कैवारी नाही. डोके फोडून घेण्यात भक्ती असते असे मला वाटत नाही. पण एक फरक मला नजरेआड करता येत नाही. गोटमारीचा दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे. रुग्णवाहिका उभ्या असतात, डॉक्टर असतात, पोलीस असतात. नदीवर जाणाऱ्याला आपण कशासाठी चाललो ते ठाऊक असते आणि ज्याला नको तो त्या दिवशी घरी बसतो. वैशाखात भाजी आणायला निघालेल्या बाईच्या डोक्यात गोटमारीचा गोटा येऊन पडत नाही. एका चाकावरच्या गाडीला मात्र ना तिथी, ना नदी, ना काठ. म्हणजे ज्या प्रथेला आपण रानटी म्हणतो तिच्यातही दुसऱ्याच्या संमतीचा थोडा विचार आहे, आणि ज्याला आम्ही पोरे आधुनिक खेळ म्हणतो त्यात तेवढाही नाही.

उपाय म्हणून बहुतेकांना दंडुका सुचतो. मे २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने गंगावतीच्या एका व्हीलीवाल्याला जामीन नाकारला आणि सध्याची कलमे अपुरी आहेत, सरकारने कडक कायदा करावा, असे म्हटले. त्या प्रकरणात पोलिसांवर हात टाकल्याचाही आरोप होता, तेव्हा न्यायालयाचा राग समजण्यासारखा आहे. पण कायदा अगदीच दुबळा आहे असे मला वाटत नाही. धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल १८४ कलमाखाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपासून वर्षभर कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहेच. अडचण अशी की पाच हजार भरतो बाप. पुन्हा तेच खाते!

आणि लोकांनी कायदा हातात घेतला की काय होते तेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बंगळुरू-तुमकुरू महामार्गावर नेलमंगलाजवळ संतापलेल्या वाहनचालकांनी गाड्या उचलणाऱ्यांच्या दोन स्कूटर उड्डाणपुलावरून खाली फेकल्या. त्याच्या चित्रफिती फिरल्या, लोकांनी शाबासकी दिली. माझ्या मते ती फेकाफेक आणि ती व्हीली एकाच जातीची. पुलाखालून कोणी जात असते तर? तोही ‘दुसरा’च होता.

माझी सूचना साधी आहे. नवा जिल्हा आहे, नवी कार्यालये उभी राहत आहेत, त्यांत एका कामाची भर घालावी. कृषी उपज मंडीचे पक्के आवार सुट्टीच्या दिवशी मोकळे असेल तर महिन्यातून एक रविवार सकाळचे तीन तास ते द्यावे. वय अठरा पूर्ण, परवाना खिशात, हेल्मेट, हातमोजे, गुडघ्या-कोपरांचे संरक्षण असल्याशिवाय आत प्रवेश नाही. गाडी स्वतःच्या नावावर, नाहीतर मालकाची लेखी परवानगी. या एका अटीनेच निम्मी गर्दी ओसरेल, कारण कागदावर सही करताना बापाला पहिल्यांदा कळेल की खर्च कोणाच्या नावे पडणार आहे. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेला एखादा माणूस बोलवावा. पहिले चार रविवार फक्त मागचा ब्रेक.

प्राध्यापक मंडळी म्हणतील, मैदान दिले म्हणून रस्त्यावरचे थांबेल कशावरून? सगळे थांबेल असे मी म्हणत नाही. ज्याला तोल शिकायचा आहे तो मैदानावर येईल आणि ज्याला फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला दचकवायचे आहे तो रस्त्यावर राहील. पण मग निदान दोघे वेगळे तरी दिसतील, आणि दुसऱ्याचा परवाना काढून घेताना कोणी ‘बिचाऱ्याला शिकायला जागा नाही’ असे म्हणणार नाही.

हे सगळे चुलतभावाला फोनवर सांगितले. विम्याचे ऐकून तो थोडा गप्प झाला. मैदानाची कल्पना आवडल्यासारखी वाटली. मग म्हणाला, “ते ठीक आहे दादा, पण तिथं पाहाले कोण येईन?”

प्रश्न बरोबर होता, मी योजनेत बदल केला. आवाराच्या एका बाजूला दोरी बांधून तिच्यामागे बसायला जागा ठेवावी, तिकीट दहा रुपये. जमणाऱ्या पैशांतून पहिल्यांदा रुग्णवाहिकेचे भाडे द्यावे.